इनासकाकांचं सव्वीस

इनासकाकांनी मला आयुष्यात विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे, "तुझं वजन किती?"

नाव नाही, गाव नाही, कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतेस हेही नाही. माझी स्कूटर निर्मळ नाक्यावर बंद पडली होती, विरारला शाळेच्या ऑफिसात पोचायला उशीर होत होता, आणि एक चॉकलेटी रंगाची छोटी गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, लांबून थांबत थांबतच आली. काच खाली झाली, आतून पांढऱ्या मिशा दिसल्या आणि हा प्रश्न आला.

"कशाला?" मी विचारलं. माझा आवाज मुळात चढा, त्यात सकाळची वेळ.

"सोपाऱ्यापर्यंत सोडतो. पण पासष्टच्या वर असशील तर ती पिशवी टपरीवर ठेव. संध्याकाळी घेऊन जा."

मी एकसष्ट सांगितलं. खरं किती ते इथे सांगायची गरज नाही. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाले, "पिशवीसकट?" आणि मागचं दार उघडलं. त्या दिवशी मी ऑफिसात इतक्या उशिरा पोचले की मुख्याध्यापकांनी विचारलं, "चालत आलात का?" चालत आले असते तर लवकर पोचले असते, हे त्यांना कोण सांगणार!

तर असे आमचे इनासकाका. आमच्या बिल्डिंगच्या मागेच त्यांची वाडी आहे. केळी, चाफा, चार नारळ, एक लिंबाचं झाड आणि पत्र्याच्या शेडखाली ती गाडी. वालीवच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काम केलं आणि निवृत्त झाल्यावर ही डिझेलची गाडी घेतली. तेव्हा पालघर जिल्हासुद्धा व्हायचा होता, म्हणून गाडीला नंबर ठाण्याचा आहे. तेव्हापासून काकांचं एकच वेड, ॲव्हरेज. गाडी एका लिटरमध्ये सव्वीस किलोमीटर देते. कंपनीने सांगितलं त्याहून जास्त. हा आकडा काकांच्या तोंडात इतका बसला होता की "काका, कसे आहात?" विचारलं तरी उत्तर यायचं, "सव्वीस." म्हणजे मजेत. एकदा ताप आला होता तेव्हा म्हणाले, "आज तेवीसच्या आसपास आहे." डॉक्टरांनाही हेच सांगितलं म्हणे.

ब्रेक मारणं हे काकांच्या मते पाप. "वेग काय फुकट येतो? डिझेल जाळून कमवायचा आणि ब्रेक मारून गटारात टाकायचा? पाप नाही तर काय!" एकदा त्यांनी फादरांकडे जाऊन पापांबरोबर एक ब्रेकही कबूल केला होता. हे त्यांनीच मला सांगितलं. फादरांनी विचारलं, "आडवं कोण आलं होतं?" काका म्हणाले, "म्हैस." फादर म्हणाले, "मग म्हशीचं पाप. तू जा."

ब्रेक मारायचा नाही म्हणजे पुढचं सगळं आधीच माहीत हवं. ते काकांना माहीत होतं. चर्चच्या वळणावरचं काळं कुत्रं कधी उठतं, तलावाकाठच्या बकऱ्या कधी रस्ता ओलांडतात, शाळेची रिक्षा कुठे अचानक थांबते, सगळं पाठ. दोनशे पावलं आधीच पाय उचलायचे आणि गाडी आपल्या मनाने जाऊन बरोबर गतिरोधकापाशी मऊ होऊन त्यावरून उतरायची. पोटातलं पाणी हलायचं नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असायचा, ते वेगळं. एकदा तर सायकलच्या कॅरिअरवर चाफ्याची टोपली बांधलेली एक मावशी आम्हाला मागे टाकून गेली आणि वळून म्हणाली, "इनास, बरा आहेस ना रे?"

"सव्वीस!" काका खिडकीतून ओरडले.

वजनाचं तर विचारूच नका. डॅशबोर्डवरची मारियेची मूर्ती प्लॅस्टिकची, कारण पितळेची जड. पाऊस पडून गेला की गाडी टपापासून पुसून काढायची, कारण वर राहिलेलं पाणी म्हणजे फुकटचा पॅसेंजर. लग्नाला जाताना थोरला भाऊ आणि वहिनी यांना दोन खेपांत न्यायचे, दोघं अंगाने दणकट म्हणून. वहिनी या कारणाने वर्षभर बोलत नव्हत्या. सारा गाव हसायचा. "इनास आला" म्हटलं की चहाच्या टपरीवर कोणी तरी पोट आत घ्यायचं आणि श्वास रोखून उभं राहायचं. काका बिनधास्त. हसणाऱ्यालाच विचारायचे, "तुझं किती?"

मीसुद्धा हसले आहे हो, खोटं कशाला बोलू! चिडलेही आहे. कधी तरी मागच्या सीटवरून "अहो काका, दाबा की जरा!" म्हणून ओरडायचे. पुढच्या सीटवर बसलेल्या फिलूकाकी मग मान खाली घालायच्या.

फिलूकाकी म्हणजे फिलोमिना, काकांची बायको. लहानखुरी, गोरी, अंगणात असली की अखंड बोलणारी. माझ्या मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला चाफ्याची ओंजळ घेऊन येणार आणि नाताळात फुगे. विकतचे रबरी नव्हेत, तळलेले, खायचे. पण गाडीत बसल्या की ही बाई एकदम गप्प. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, हात मांडीवर. मला वाटायचं, जपमाळ चालली असेल, बाई मोठ्या भक्तीच्या. पुढची सीट त्यांचीच. काकी नसल्या तरी काका कोणाला पुढे बसवत नसत. "पुढे वजन आलं की बॅलन्स जातो, ॲव्हरेज पडतं."

आणि गाडीच्या खणात कायम एक लिंबू. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, तुम्ही ख्रिस्ती आणि गाडीत लिंबू ठेवता? मिरच्या कुठेत?" काका म्हणाले, "वास बरा येतो." विषय संपला.

तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या. एका सकाळी छातीत दुखायला लागलं, अ‍ॅम्ब्युलन्स आली, दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी मस्कतला, ती आली, महिनाभर राहिली, परत गेली. त्या दिवसांत कोणी "काका, कसे आहात?" विचारलं तर ते नुसती मान हलवायचे. मग हळूहळू सव्वीस परत सुरू झालं. गाडी मात्र फारशी निघेना. चर्चमधली रविवारची मिस्सा, कधी दफनभूमी, कधी बाजार. तीही पूर्वीपेक्षा हळू. आणि लिंबू तसंच होतं, दर रविवारी झाडावरून काढलेलं ताजं.

या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि काकांची खरी परीक्षा सुरू झाली. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, पर्यावरणाचा कर भरावा लागतो, गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते आणि त्याआधी धुराचं, म्हणजे पीयूसीचं, प्रमाणपत्र हातात लागतं. मुलगी मस्कतहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पप्पा, दिल्लीत तर दहा वर्षांची डिझेल गाडी रस्त्यावर चालत नाही. द्या भंगारात. मी इलेक्ट्रिक बुक करते."

"तिचं ॲव्हरेज किती?" काकांनी विचारलं.

"पप्पा, तिला डिझेलच लागत नाही!"

"मग ॲव्हरेज कसलं काढायचं?" म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मुदत संपायला पंधरा दिवस होते. स्कूटरवरून विरारला निघता निघता मीच त्यांना म्हटलं, "चला, मी येते पीयूसीला." इतकी वर्षं पेट्रोल पंपावरचा पीयूसीवाला एक म्हातारा होता. काका स्वतः सीटवर बसून ॲक्सिलरेटर कुरवाळल्यासारखा दाबायचे आणि काम व्हायचं. आता तिथे नवं मशीन आलं होतं आणि पाटील नावाचे एक शांत गृहस्थ. त्यांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्वतः आत बसले आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

गाडीने अशी किंकाळी फोडली की पंपावरचे सगळे वळून बघायला लागले. आणि धूर! काळाकुट्ट! पाटीलही खोकले.

"खून! खून करताय तुम्ही तिचा!" काका दार ओढत ओरडले. "काढा पाय!"

"काका, नियमच आहे तसा. असं चार-पाच वेळा दाबावं लागतं."

"मी पंधरा वर्षांत इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारच्या वर नेलेला नाही!"

"मशीन मागतंय," पाटील म्हणाले आणि पुन्हा दाबला.

नापास. काकांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात रस्त्यावरून पाण्याचा एक टँकर आमच्या सगळ्यांच्या तोंडावर धूर सोडत गेला. काकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "तो पास आणि मी नापास? अहो, अख्ख्या वसईत सगळ्यांत कमी डिझेल पिणारी गाडी आहे ही! कमी खाणारा माणूस जास्त घाण करेल का?"

"काका, मशीनला ॲव्हरेज कळत नाही. धूर कळतो," पाटील म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी मी त्यांच्याकडे रागानेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी वालीवला रफिकभाईंकडे. काकांचा कारखान्यापासूनचा मित्र, आयुष्य डिझेल इंजिनात गेलेलं. त्यांनी फिल्टर पाहिला, नळ्या पाहिल्या, सायलेन्सरमध्ये बोट घालून बाहेर काढलं. बोट कोळशासारखं झालं होतं. रफिकभाई खो खो हसायला लागले.

"इनास, गाडी एकदम फस्क्लास आहे. बिमारी तुझ्या पायात आहे. पंधरा साल तू तिला एकदा पण खाकरू दिलं नाहीस! सगळी काजळी आत बसली. डिझेलला कधी तरी जोरात पळवावं लागतं, तेव्हा गळा साफ होतो."

"म्हणजे हळू चालवली म्हणून नापास?" मी विचारलं.

"और क्या! आता औषध एकच. हायवेला घे, तिसऱ्या गिअरवर ठेव, काटा चार हजारवर. वीस मिनिट. ऐंशीच्या वर जायची गरज नाही, पण गिअर बदलायचा नाही. ताई, तुम्ही मागे बसा आणि मागच्या काचेतून धूर बघा. काळा यायचा बंद झाला की समजा झालं."

काकांची सगळी हुशारी, सगळी कीर्ती, ज्या आकड्यावर ते गावात मिरवत होते तो आकडा, त्यानेच गाडीचा गळा धरला होता. दुसरं कोणी असतं तर मी पोट धरून हसले असते. पण काका बोनेटवर हात ठेवून नुसते उभे होते. म्हणाले, "गाडी जायला नको, वंदना." एवढंच.

रविवारी पहिली मिस्सा आटोपून आम्ही निघालो. वसई फाट्यावरून हायवेला लागलो, तोंड शिरसाडच्या दिशेने. रस्ता बऱ्यापैकी मोकळा. मी मागच्या सीटवर उलटी, गुडघे टेकून, तोंड मागच्या काचेकडे. पंचेचाळिसाव्या वर्षी हे ध्यान! शेजारून जाणाऱ्या बसमधली पोरं मला हात करत होती.

"तिसरा!" मी म्हटलं.

"तिसरा," काका म्हणाले. इंजिनाचा आवाज जरा चढला आणि लगेच उतरला. काकांनी चौथा टाकला होता.

"काका!"

"सवय गं. हात आपोआप जातो."

पुन्हा तिसरा. पुन्हा आवाज चढला, काटा अडीच हजारला गेला असेल नसेल आणि पाय वर. असं चार वेळा. माझा पारा चढला. "अहो, काय चाललंय काय? दाबायचा आहे फक्त! पंधरा दिवसांतले आठ गेले, गाडी भंगारात जाईल, मग बसा सव्वीस सव्वीस करत!"

काकांनी गाडी अलगद कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पाठ माझ्याकडेच होती.

"तिला लागायची गं गाडी," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. कोणाला?

"फिलूला. आमचं लग्न झालं, चर्चमधून घरी यायला भाड्याची मोटार केली होती. वळणावर तिला उलटी झाली. नव्या कपड्यांवर. वऱ्हाड हसलं. माझी वहिनी तर पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची. तेव्हापासून फिलू मोटारीत बसली नाही. बाजार, चर्च, माहेर, सगळं माझ्या सायकलच्या कॅरिअरवर. सायकलवर तिला काही होत नसे. मग गुडघे गेले. माझे पण आणि तिचे पण. म्हणून ही घेतली. म्हटलं, अशी चालवीन की तिला कळणार पण नाही. धक्का नाही, ब्रेक नाही. सहा महिने शिकलो मी ते, पहाटे रिकाम्या रस्त्यावर. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवून."

मी सरळ होऊन बसले.

"लोक हॉर्न मारायचे. विचारायचे, एवढा हळू का? ती मान खाली घालायची. आपल्यामुळे, असं तिला वाटायचं. एकदा चिडून मीच ओरडलो एकावर, 'ॲव्हरेज काढतोय!' तो हसायला लागला. मला हसला. तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. मग मी तेच धरलं. वजन बिजन सगळं त्यातलंच. सव्वीस मिळतात हे नंतर कळलं. मग आवडायला पण लागलं, खोटं नाही बोलत."

मला माझं "दाबा की जरा" आठवलं. मिटलेले डोळे आठवले. जपमाळ नव्हती ती. मेली माझी जीभ! किती वेळा मी त्या बाईला मान खाली घालायला लावली होती.

"आणि शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स," काका म्हणाले. "ती जोरात न्यावीच लागते, मला कळतं. पण मी आपला ड्रायव्हरला सांगतोय, हळू चालव, तिला लागते. लिंबू घरीच राहिलं."

हायवेवरून ट्रक जात होते. प्रत्येकाबरोबर गाडी जराशी हलत होती. मी पुढे वाकले. म्हटलं, "काका, गाडी राहायला हवी ना? मग काकींना सांगा. ऐकतील त्या."

काकांनी खण उघडला, लिंबू काढलं, सालीवर नखाने ओरखडा काढला. वास मागेपर्यंत आला. ते त्यांनी पुढच्या सीटवर ठेवलं आणि घरात काकींशी बोलायचे त्या त्यांच्या बोलीत हळूच काही तरी म्हणाले. सगळं मला समजलं नाही. डोळे मीट, एवढं समजलं. वीस मिनिटं, हेही.

मग त्यांनी गाडी सुरू केली, तिसरा टाकला आणि पाय तळापर्यंत दाबला.

अरे देवा! मी मागे उलटी वळले तेव्हा मागचा हायवे दिसेनासा झाला होता. पंधरा वर्षांची काजळी एकदम बाहेर पडत होती. मागचा एक टेम्पो घाबरून लांब राहिला. इंजिन भुंकत होतं, दारं थडथडत होती, मारियेची मूर्ती आडवी झाली, आणि काका ताठ बसून मोठ्याने प्रार्थना म्हणत होते. मी तोंडाला येईल तसं ओरडत होते, "काळा! अजून काळा! करडा! काका, करडा झाला! दाबा!" शिरसाड फाट्याच्या पुढे गेलो तेव्हा मागच्या काचेत फक्त रस्ता होता, टेम्पो होता आणि टेम्पोवाल्याची शिवी होती.

"स्वच्छ!" मी किंचाळले.

काकांनी पाय उचलला. लिंबू सीटवरून घरंगळून खाली पडलं होतं. ते त्यांनी थांबून उचललं, रुमालाने पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

तसेच सरळ पंपावर गेलो. पाटलांनी नळी घातली आणि चार वेळा दाबलं. काका या वेळी ओरडले नाहीत, फक्त डोळे मिटून उभे राहिले. पास. पाटील स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काय केलंत काय?"

"खाकरलो," काका म्हणाले. प्रमाणपत्राचा कागद घडी घालून त्यांनी मारियेच्या मूर्तीखाली ठेवला. पुढे आरटीओतही काम झालं. पाच वर्षं मिळाली.

पण त्या रविवारी पंपावरून घरी येताना काका परत पूर्वीसारखे. दोनशे पावलं आधी पाय वर, गतिरोधकावरून मऊ, वळणावर कुत्र्याला पुरेसा वेळ. मी मागच्या सीटवर सरळ बसले होते, हात मांडीवर. मागे एका मोठ्या गाडीने हॉर्नवर हॉर्न लावला होता. निर्मळच्या तलावापाशी ती शेजारी आली, काच खाली झाली आणि गॉगल लावलेला एक माणूस ओरडला, "ओ काका, बैलगाडी आहे का ही? एवढी हळू कशासाठी?"

काका काही बोलायच्या आत मी माझी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडले, "ॲव्हरेज काढतोय! सव्वीस देते! आणि तुमचं वजन किती हो?"

तो हसत सुटला. मला हसला. हसू दे.

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. चर्चचं वळण आलं, गेलं. पुढच्या सीटवरचं लिंबू जागचं हललं नव्हतं.